पळत्या बाईंचा ब्लॉग

माझ्या नणंदेला मी नीट खुर्चीत बसलेलं फार कमी वेळा पाहिलं आहे. बसल्याच तर खुर्चीच्या काठावर टेकतात, गाडी सुटायची वाट बघणाऱ्या माणसासारख्या. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, आणि फोनवर बोलणं तर फेऱ्या मारल्याशिवाय नाहीच. आमचं चष्म्याचं दुकान खाली आणि राहतं घर वर. मी काउंटरवर बसून वरच्या फरशीवरची त्यांची पावलं ऐकते आणि आज शाळेत काय झालं असेल ते ओळखते. शाळेतली मुलं त्यांना 'पळत्या बाई' म्हणतात. हे नाव ज्या कार्ट्याने ठेवलं त्याला आयुष्यात कधी चष्मा लागला तर माझ्याकडून फुकट.

ताई दुसरीच्या वर्गाला शिकवतात. लग्न केलं नाही. एकदा एक माणूस विचारायला आला होता, पण तो उत्तर मिळेपर्यंत थांबला नाही, असं त्या सांगतात. माझ्या नवऱ्याचं, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाचं म्हणणं असं, की तो माणूस चांगला दोन कप चहा होईपर्यंत थांबला होता, ताईच चपला घालून बाहेर पडली होती. खरं काय ते त्या दोघांना माहीत. मला एवढंच ठाऊक आहे की त्यांच्या पायाला भिंगरी आहे आणि आमच्या घराला तिच्या आवाजाची सवय झाली आहे.

ब्लॉगचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते शाळेच्या पत्रांमुळे. शाळेतून पालकांना पत्रं आणि फोनवर निरोप जायचे: 'सर्व पालकांस कळविण्यात येते की, आपल्या पाल्याच्या सर्वांगीण प्रगतीच्या दृष्टीने...' ताई ते मोठ्याने वाचायच्या आणि फणकारायच्या, "हे वाचून कुठल्या आईला कळणार आहे की तिच्या पोराने आज बाकावर चढून भाषण ठोकलं?" पालकसभेला यायचे ते ठरावीक लोक, ज्यांची मुलं पहिल्या पाचात. ज्यांच्याशी खरं बोलायचं असे, ते कामावर असत. म्हणून मग वर्गाचा ब्लॉग. नाव 'आज वर्गात'. शाळा सुटली की ताई आमच्या दुकानातल्या नंबर तपासायच्या खोलीत शिरत आणि भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याला टेकून, उभ्यानेच, एका बोटाने फोनवर दिवसाची हकिगत लिहीत. गिऱ्हाईक आलं की मी त्यांना बाहेर काढायची. मग त्या फ्रेमांच्या कपाटापाशी उभ्या राहून लिहीत, आणि गिऱ्हाइकाला फ्रेम दिसत नसे.

शाळेच्या मुख्याध्यापिकांना, म्हणजे मोठ्या बाईंना, या प्रकाराची धास्ती वाटत होती. त्यांनी दोन अटी घातल्या. मुलांचं नाव यायचं नाही आणि चेहरा दिसायचा नाही. त्यामुळे ब्लॉगवर सगळं 'एका मुलाने' आणि 'एका मुलीने' असं. दुपारी 'एका मुलाच्या डब्यातून गोगलगाय निघाली' असं ताईंनी लिहिलं की संध्याकाळपर्यंत तीन आया माफी मागायला तयार. चोराच्या मनात चांदणं! त्यातली एक तर दुकानात येऊन मला म्हणाली, "आमच्याच दिवट्याचं काम असणार. पण वहिनी, बाईंना सांगा ना, गोगलगाय शेजाऱ्यांच्या कुंडीतली होती, आमच्याकडे असलं काही नसतं." या गोगलगायीवरून पालकांची ब्लॉगखालीच अशी जुंपली की मोठ्या बाईंनी तिसरी अट घातली: प्रतिक्रिया बंद. शाळा बोलेल, पालकांनी वाचावं. ताईंना ते पटलं नाही, पण ब्लॉग चालू राहणार म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली आणि पुढे पळाल्या.

त्याच वर्षी त्यांच्या वर्गात एक नवीन मुलगी आली. शेवटच्या बाकावर बसायची. दप्तर मांडीवर घेऊन, त्याला दोन्ही हातांनी मिठी मारून. लिहायची सुरेख, गणितं बरोबर, पण बोलायची नाही. म्हणजे अक्षरशः नाही. हजेरीला हात वर, पाणी हवं असेल तर बाटली दाखवायची, बाकी मूग गिळून बसलेली. पहिल्या आठवड्यात ताई म्हणाल्या, "लाजते." मग म्हणायला लागल्या, "अडून बसते." आणि नंतर काहीच म्हणेनाशा झाल्या, नुसत्या वरती फेऱ्या वाढल्या.

एके संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत चालायला लागल्या.

"मोठ्या बाई म्हणतात, शुक्रवारी तोंडी परीक्षा आहे, तेव्हा मी स्वतः येऊन बसते. पोरीने तोंड उघडलं नाही तर तिला गावाबाहेरच्या त्या शाळेत पाठवायचं. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या."

"मग त्यात तिचं भलं असेल तर..." मी म्हटलं.

"अगं, भलं कसलं! तिला येतं बोलता. मी फळ्याकडे वळले की तिचे ओठ हलतात. मी पाहिलंय. तिला तिथे टाकलं ना, तर मग ती खरंच मुकी होईल."

"तिच्या आईबापांना बोलवा की."

"बाप एकटाच आहे. शाळेने तीनदा निरोप पाठवला, आला नाही. फोन करावा तर उचलत नाही. शेजारची एक बाई पोरीला सोडते-नेते, तिला विचारलं तर म्हणते, मला काय माहीत, माझ्याकडे ती टीव्हीच बघते."

"घरी जाऊन या."

"गेले होते. दार वाजवलं. कोणी नव्हतं."

पलीकडे कांदा चिरत असलेला माझा नवरा हळूच म्हणाला, "दार वाजवून किती वेळ उभी होतीस, ताई?"

ताईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुढचा कांदा घेतला.

त्या रात्री जेवण कसंबसं उरकलं. ताईंचा जीव टांगणीला लागला होता आणि त्यांच्याबरोबर आमचाही. त्या पोरीला मी कधी पाहिली नव्हती, पण मांडीवर दप्तर घेतलेली ती मुलगी माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. राग बापाचा आला. म्हटलं, तीन निरोप येऊन ज्याला पाझर फुटत नाही तो बाप कसला!

सोमवारी ताईंनी ब्लॉगवर लिहिलं. त्यांचं नेहमीचं लिहिणं धावतं, पण हे त्यांनी चार वेळा खोडून लिहिलं. साधंच होतं: 'आमच्या वर्गात एक मूल आहे. ते हुशार आहे. पण बोलत नाही. त्याच्या मनात काय आहे ते आम्हाला कळत नाही, आणि आम्हाला ते कळायला हवं आहे. हे मूल आपलं आहे असं ज्या घराला वाटेल, त्यांनी मला येऊन भेटावं. शाळेत जमत नसेल तर बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात या. संध्याकाळी मी तिथे असते.'

मला न विचारता माझ्या दुकानाचा पत्ता! मी काही म्हणणार तोवर त्यांनी ते पाठवूनही दिलं होतं.

मंगळवारी संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यात आधी आली ती गोगलगायवाली. तिच्या मागे एक बँकेतला बाप, टाय सैल केलेला. मग जुळ्यांची आई, मग एक आजोबा, ज्यांनी यायच्या निमित्ताने नंबरही तपासून घेतला. सगळ्यांचं म्हणणं एकच.

"बाई, ते आमचंच मूल ना? घरी तोंडाला कुलूप असतं हो. शाळेत काय झालं विचारलं की 'काही नाही.' काय शिकवलं, 'काही नाही.' डबा का उरला, 'असंच.' मला आधीच शंका होती."

ताई एकेकाला सांगत होत्या, "अहो, तुमचा मुलगा? तो तर माझ्या तासाला बोलून बोलून माझं डोकं खातो." ते ऐकून त्या माणसाचा चेहरा खुलायचा आणि लगेच पडायचा. बँकेतला तो बाप तर बराच वेळ तिथेच उभा राहिला. "शाळेत बोलतो? काय बोलतो हो?" त्याने विचारलं. ताई सांगायला लागल्या तसा तो ऐकत राहिला. अर्धं सांगून झाल्यावर ताईंचं लक्ष दाराकडे गेलं आणि त्या पुढच्या पालकाकडे वळल्या. तो बिचारा जाताना मला म्हणाला, "उरलेलं उद्या ऐकायला आलो तर चालेल का?"

वर्गातली जवळजवळ अर्धी घरं येऊन गेली. जो हवा होता तो आला नाही.

बुधवारी ताई दर पाच मिनिटांनी ब्लॉग उघडून किती जणांनी वाचलं ते बघत होत्या. आकडा वाढत होता. "सगळे वाचतायत गं. तो सोडून सगळे." मी म्हटलं, कोण वाचतं ते तुम्हाला कुठे दिसतं? त्यावर त्या तरातरा वर गेल्या आणि डोक्यावर धाड धाड सुरू झालं. माझ्या हातातला स्क्रू दोनदा पडला. चष्म्याचा स्क्रू पडला की तो शोधण्यात अर्धा तास जातो. मी खालून ओरडले, "ताई, जरा बूड टेकवा हो!" पण माझ्या ओरडण्याने काय होतंय!

गुरुवारी दुपार कलताना आमचं एक नेहमीचं गिऱ्हाईक आलं. इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुण्याच्या मोठमोठ्या यंत्रांवर काम करणारा माणूस. वाफेने त्याच्या चष्म्याचे स्क्रू सैल होत, म्हणून पंधरवड्याला एक चक्कर असायचीच. हसरा, गप्पिष्ट. घरात दोघंच, तो आणि त्याची लेक. त्या लेकीचे किस्से मी वर्षभर ऐकत आले होते. तिला तो 'आमचा रेडिओ' म्हणायचा. रेडिओने काल अमुक म्हटलं, रेडिओने शेजारच्या काकूंची नक्कल केली, रेडिओ झोपेतसुद्धा बंद होत नाही. माझी समजूत, चांगली चौथी-पाचवीतली चुरचुरीत पोरगी असणार.

मी दांडी सरळ करत होते. तो चष्म्याशिवाय फोन डोळ्याला लावून काहीतरी वाचत होता आणि चक् चक् करत होता.

"काय झालं हो?"

"काही नाही वहिनी. रेडिओच्या वर्गाचा ब्लॉग. रोज जेवताना मी तिला वाचून दाखवतो. बाई झकास लिहितात. पण ह्या सोमवारचं वाचून मन लागेना. कोणाचं तरी पोर बोलतच नाही म्हणे. बिचारं! घरी काय वातावरण असेल कोण जाणे."

माझा हात थांबला. मी विचारलं, "दुसरीत आहे तुमची लेक?"

"हो तर. ह्याच वर्षी घातली ह्या शाळेत. मी तिला विचारलंही, कोण गं ते न बोलणारं? तर म्हणते कशी, 'मीच.' " आणि तो खो खो हसला. "म्हटलं, तू? तू गप्प बसलीस तर शाळेचं छप्पर खाली येईल!"

मी चष्मा खाली ठेवला. जिच्यासाठी सगळा बाजार माझ्या दुकानात लोटला होता, तिच्या बापाला मी वर्षभर पंधरवड्याला भेटत होते. आणि तिने खरं ते सांगूनही टाकलं होतं.

"शाळेकडून निरोप आले होते तुम्हाला," मी म्हटलं. "भेटायला या म्हणून."

"ते 'पाल्याच्या प्रगतीबाबत चर्चा करणेकामी' ना? ते सगळ्यांनाच जातं की. कामावर फोन कपाटात ठेवावा लागतो. संध्याकाळी मी उलटा फोन लावला, तर शाळा बंद. म्हटलं, तसंच काही असतं तर साध्या शब्दांत लिहिलं असतं." तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचं हसू हळूहळू उतरलं. "वहिनी, काय झालंय?"

मी सांगितलं. काही न गाळता, शुक्रवारचंही. तो काउंटर धरून उभा राहिला.

"नाही हो," तो म्हणाला. "शक्यच नाही. तुम्हाला दाखवतो." आणि फोनमध्ये काहीतरी शोधायला लागला. पण घाईत ते सापडेना.

तेवढ्यात ताई आल्या. नेहमीप्रमाणे दार ढकलून थेट अर्ध्या दुकानात. मी म्हटलं, "ताई, हेच ते. शेवटच्या बाकावरचीचे बाबा." त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि मग एका दमात सुटल्या: का आला नाहीत, कुठे होतात, उद्या काय होणार आहे ठाऊक आहे का, मुलगी घरी बोलते का, कधीपासून बोलत नाही, डॉक्टरांना दाखवलं का. त्या माणसाने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शेवटी त्याने फोनच पुढे केला आणि आवाज मोठा केला.

घरातलं चित्रीकरण होतं. गादीवर उशा ओळीने मांडलेल्या, आणि त्यांच्यासमोर एक चिमुरडी, बापाच्या शर्टात, हातात लाटणं, इकडून तिकडे तरातरा चालतेय. चाल बघून मी ताईंकडे पाहिलं. हुबेहूब आमच्या ताई.

"चला चला चला, पटकन सांगा!" ती उशांना म्हणत होती. स्वच्छ, खणखणीत आवाज. "तू सांग. नाही येत? बस खाली. तू? बस खाली. तू? पटकन, पटकन, वेळ नाहीये. बस खाली. पुढे चला!"

चित्रीकरणात बापाचं हसणं ऐकू येत होतं. मग ती मुलगी थांबली. कोपऱ्यातल्या छोट्या उशीपाशी गेली, तिला मांडीवर घेतलं आणि वेगळ्याच, मऊ आवाजात म्हणाली, "बाई, ही सांगणार होती. हिच्या तोंडापर्यंत आलं होतं. तुम्ही पुढे गेलात."

दुकानात कोणी हसलं नाही. ताईंनी मागे हात नेऊन चाचपडत स्टूल शोधलं आणि बसल्या. काठावर नाही, पूर्ण बसल्या. त्यांना रडू आवरेना. मीही त्यांना गप्प केलं नाही. त्यांना रडायला कधी वेळच मिळालेला नव्हता. तो माणूस घाबरून म्हणायला लागला, "बाई, अहो, ती तुमची नक्कल प्रेमाने करते हो. तुमच्याशिवाय तिचा विषय नसतो."

"पुन्हा लावा," ताई म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी त्यांनी तो फोनवरचा पुरावा मोठ्या बाईंना दाखवला. मोठ्या बाई म्हणाल्या, घरचं घरी, मला वर्गात ऐकायचंय. त्याही आपल्या जागी बरोबर होत्या. एवढं ताईंनी मला शाळेतून फोन करून सांगितलं आणि ठेवून दिला. दिवसभर मी काउंटरवर नुसती बसून. एका बाईला दुसऱ्याच कोणाचा चष्मा घालून पाठवला आणि ती "छान दिसतंय" म्हणून गेलीसुद्धा.

चार वाजता ताई आल्या. दुकानातून न येता मागच्या जिन्याने थेट वर गेल्या. मी कान लावून बसले. पावलं नाहीत. एकसुद्धा नाही. वीस वर्षांत वरची फरशी इतकी गप्प मी ऐकली नव्हती. म्हटलं, संपलं सगळं, पोरीला पाठवणार आता त्या शाळेत. माझा नवरा मागच्या खोलीतून भिंगं घासायचं यंत्र बंद करून बाहेर आला आणि छताकडे बघत उभा राहिला. वर जाऊन विचारायचा धीर दोघांनाही झाला नाही.

सहाच्या सुमाराला त्या खाली आल्या, स्टुलावर बसल्या. मी विचारणार, तेवढ्यात तो धुलाईघरवाला बाप धावतच आत शिरला. शर्टाला साबणाचा वास, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"बाई, काय झालं हो आज शाळेत? ती बोलतच नाहीये. कामावरून आलो, विचारलं, परीक्षा कशी झाली? तर म्हणते, 'काही नाही.' बाई काय म्हणाल्या? 'काही नाही.' नुसती खिडकीत बसलीय. माझ्या घरात कधी असं झालं नाही हो! इकडे आणली तर वाटेतही एक अक्षर नाही. बाहेर उभी आहे."

ताई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या गालांवर, डोळ्यांत हसू पसरलं.

"अहो, दमली असेल," त्या म्हणाल्या. "आज सगळं शाळेतच बोलून आलीय ती."

त्याने चष्मा नाकावर वर ढकलला, आणि ताई सांगायला लागल्या.

"मी प्रश्न विचारला आणि थांबले. मोठ्या बाई घड्याळ बघायला लागल्या, तर मी त्यांच्या घड्याळावर हात ठेवला. सगळी पोरं थांबली. इतका वेळ गेला की पंख्याचे फेरे मोजता आले असते. मला वाटलं आता मीच ओरडेन. आणि मग बोलली. एकदा बोलायला लागली ती घंटा होईपर्यंत. मोठ्या बाईंनी शेरा लिहिला, हीच शाळा. आणि ब्लॉगच्या प्रतिक्रिया उद्यापासून उघडायच्या, ते मी त्यांच्याकडून लिहून घेतलंय."

"काय बोलली?" तो पुढे वाकला. "बाई, काय बोलली ती?"

ताईंनी सांगायला तोंड उघडलं. मी त्यांना ओळखते, आता पट्टा सुटणार. पण त्यांनी तोंड मिटलं.

"तिलाच विचारा," त्या म्हणाल्या. "फक्त विचारून झालं की थांबा."

तो बाहेर गेला. दुकानाच्या काचेतून आम्हाला दिसत होतं. ती मुलगी फुटपाथवर, छातीशी दप्तर धरून. तो तिच्यासमोर उकिडवा बसला, काहीतरी विचारलं आणि मग तसाच राहिला. लोक त्याला वळसा घालून जात होते. एक गिऱ्हाईक दार ढकलून आत येऊ लागलं, तर ताईंनी बसल्या जागेवरून हात वर केला आणि म्हणाल्या, "जरा थांबा हो." ते गोंधळून दारातच थांबलं. मी, माझा नवरा, ताई आणि ते गिऱ्हाईक, आम्ही चौघंही तिकडेच बघत होतो. बऱ्याच वेळाने मुलीचे ओठ हलले.